टवका न उडवता गोल भोक

टेबलाला वायरी खाली सोडायला भोक, कपाटाच्या दाराला ऑटो हिंजची खाच, बाथरूमच्या टाइलमधून पाइप, प्लास्टिकच्या टाकीला नवा नळ. घरात गोल भोकाची गरज पडते ती बहुतेक अशीच. ड्रिल घरात असतं, हौसही असते, आणि तरी सनमायकाचे टवके उडतात, भोक अंडाकृती होतं किंवा पाइप आत जातच नाही.

भोक बिघडतं ते दोनच जागी. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत, दातांनी जागा पकडण्याआधी. आणि शेवटच्या दोन मिलिमीटरांत, दात पलीकडून बाहेर पडताना. मधल्या प्रवासात फारसं काही बिघडत नाही. नवखा माणूस मात्र नेमका उलटं वागतो. सुरुवात घाईत करतो, मधे अतिकाळजी घेतो आणि शेवटी 'आता झालंच' म्हणून जोर लावतो. पुढे जे काही सांगितलंय त्यातलं बरंचसं या दोन जागा सांभाळण्याबद्दलच आहे.

आधी माप

हार्डवेअरच्या दुकानात जाण्याआधी भोकातून जाणारी वस्तू हातात घ्या आणि व्हर्नियरने मोजा. नावावर विश्वास ठेवू नका. 'अर्धा इंची' पाइप म्हणजे १२.७ मिमीचं भोक, असा हिशोब केला तर फसगत ठरलेली. पांढऱ्या यूपीव्हीसीच्या अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिमी असतो, पाऊण इंचीचा २६.७ आणि एक इंचीचा ३३.४. गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी त्याच नावाने विकला जातो, पण अर्धा इंचीचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी आणि पाऊण इंचीचा २२.२. विजेच्या कंड्युटचं उलट आहे, २० किंवा २५ मिमी म्हणजे बाहेरचंच माप. ड्रेनेजच्या ७५ आणि ११० मिमी पाइपांचंही तसंच.

सीलिंगच्या एलईडी लाइटसाठी खोक्यावर 'कट-आउट' म्हणून छापलेला आकडा धरायचा, लाइटचा दर्शनी व्यास नव्हे. स्पीकरलाही हाच नियम. टेबलावरच्या वायरीच्या प्लास्टिक टोपणाला (दुकानात 'वायर मॅनेजर' म्हणून मागा) ५०, ६०, ८० अशी मापं असतात, तरी गळ्याचा भाग मोजूनच घ्या. बेसिन किंवा सिंकच्या मिक्सरला बहुधा ३५ मिमी लागतं, पाण्याच्या फिल्टरच्या छोट्या नळाला साधारण १२ मिमी.

आणखी एक. होल सॉने (गोल भोक कापणाऱ्या दातेरी वाटीने) पाडलेलं भोक छापील मापापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर मोठंच होतं, कारण हातातलं ड्रिल थोडं डगमगतं. ज्याला टोपण किंवा वॉशर झाकणार आहे तिथे हे चालतं. घट्ट बसायला हवं असेल तर आधी टाकाऊ तुकड्यात एक भोक पाडून वस्तू घालून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते टाळणारेच पुढे एम-सील घेऊन बसतात.

कोणतं हत्यार कशाला

गिरमिट आता सुताराच्या पेटीतही सहसा दिसत नाही. १० ते १२ मिमीपर्यंत साधं ड्रिल बिट पुरे. लाकडासाठी मधे टोचणारी सुई असलेलं घ्या, ते जागा सोडत नाही. १२ ते ३० मिमीला चपटं फ्लॅट बिट स्वस्त आणि झटपट, पण ते पलीकडची बाजू हमखास फाडतं. जिथे कड दिसणार नाही तिथेच ते वापरावं.

आरपार न जाणाऱ्या, सपाट तळाच्या खाचेसाठी फॉर्स्टनर किंवा हिंज बिट. साधारण २० ते ७५ मिमीच्या आरपार भोकासाठी होल सॉ, म्हणजे कडेला करवतीचे दात असलेली वाटी आणि मधोमध तिचा मध्य धरून ठेवणारं पायलट ड्रिल. सात-आठ गोल पट्ट्या आणि एकच चकती असलेला स्वस्त संच मिळतो. त्यातल्या पट्ट्या चकतीच्या खाचेत नुसत्या अडकवलेल्या असतात आणि फिरताना हलतात. पीओपी आणि मऊ लाकडाला तो ठीक. सनमायका लावलेल्या प्लायला आणि धातूला बाय-मेटल होल सॉच घ्या. संच घेण्याऐवजी लागणाऱ्या मापाचा एक चांगला होल सॉ आणि एक आर्बर (वाटी ड्रिलला जोडणारा दांडा) घेणं शहाणपणाचं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत असे सुटे मिळतात.

आर्बर घेताना चूक होते ती आट्यांची. साधारण ३० मिमीपर्यंतच्या होल सॉला बारीक आट्यांचा आर्बर लागतो, ३२ मिमीपासून पुढे जाड. दुकानातच फिरवून बघा. मोठ्या आर्बरला दोन पिना असतात. वाटी पूर्ण आवळायची, मग पिना खाचेत बसतील एवढीच मागे सोडवायची आणि मगच पिना आत ढकलायच्या. पिना न बसवता चालवलं तर सगळा जोर आट्यांवर येतो आणि वाटी अशी आवळली जाते की सोडवायला शिकंजा आणि पान्हा लागतो.

७५ मिमीच्या वरचा होल सॉ घरगुती ड्रिलवर लावू नये असं आमचं मत. दात अडकला की वाटी थांबते, ड्रिल फिरतं आणि मनगट मुरगळतं. त्या मापांना जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या पात्याची विजेची करवत) किंवा राउटर (फिरत्या बिटाने लाकूड कोरणारं यंत्र). दांडीवर सरकणारं पातं असलेला 'फ्लाय कटर' हाती ड्रिलवर लाकडाला वापरूच नका. त्याची जागा स्टँडवरच्या ड्रिल मशिनवर, तीही तुकडा घट्ट आवळून.

वेग

घरातलं ५००-६०० वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल मिनिटाला सुमारे २८०० ते ३००० फेरे मारतं. ६ मिमीच्या बिटाला ते ठीक आहे. ६० मिमीच्या वाटीचा काठ मात्र एका फेऱ्यात जवळजवळ १९ सेंटिमीटर अंतर कापतो. पूर्ण वेगात दात कापत नाहीत, घासतात. मग धूर येतो, कड काळी पडते, दात मऊ होतात. प्लायमध्ये ६० मिमीला मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास राहा. ट्रिगरवर छोटी चकती असते, ती फिरवून कमाल वेग बांधून घ्या. बॅटरीवरच्या ड्रिलला दोन गियर असतील तर १ नंबर.

मापाचा आणि वेगाचा हिशोब साधा आहे. व्यास दुप्पट, तर फेरे निम्मे. लोखंडी पत्र्यात बाय-मेटल होल सॉ २५ मिमीला ३५० फेरे, ३५ मिमीला २५०, ५० मिमीला १७० च्या आसपास. स्टेनलेस स्टीलला त्याच्याही निम्मे.

एका गियरचं ड्रिल बराच वेळ हळू चालवलं की त्याचा पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते. दर मिनिटा-दोन मिनिटांनी बाहेर काढून अर्धा मिनिट रिकामं, पूर्ण वेगात फिरवा. आणि हातोडीचं चित्र असलेला खटका आधी बघा. हॅमर चालू ठेवून लाकूड किंवा टाइल कापायला घेणं ही नवख्याची सर्वांत महाग चूक.

टेबलात ६० मिमीचं भोक

हे एक नीट जमलं की बाकीची सोपी जातात, म्हणून सविस्तर. फळी १८ मिमी प्लायची, वर सनमायका, खाली लायनर (सनमायकासारखाच पातळ थर). लागणारं सामान: ६० मिमी बाय-मेटल होल सॉ, आर्बर, ६ मिमीचं बिट, मास्किंग टेप, गुण्या, कंपास, दोन सी-क्लॅम्प, टाकाऊ प्लायचा तुकडा, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, गॉगल. हातमोजे नकोत. फिरत्या बिटात मोजा अडकला की हात ओढला जातो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस यांनाही तोच नियम.

१. जागा ठरवा. ६० मिमीच्या भोकावर बसणारं टोपण त्याहून आठ-दहा मिमी रुंद असतं. भोकाची कड आणि टेबलाची मागची कड यांत किमान २५ मिमी लाकूड राहू द्या, म्हणजे मध्यबिंदू मागच्या कडेपासून ५५ मिमी किंवा त्याहून आत येईल. मग खाली वाकून बघा. ड्रॉवरचं चॅनल, आडवी पट्टी किंवा स्क्रू त्याच जागी असतो, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

२. टेप लावून त्यावर फुलीचं चिन्ह करा. मध्यावर टोच्याने किंवा खिळ्याने खड्डा पाडा. सनमायका गुळगुळीत असतो, खड्डा नसेल तर बिट घसरून लांब ओरखडा उठतो. कंपासने ३० मिमी त्रिज्येचं वर्तुळही काढा. ते कापायला नाही, होल सॉ तिरका चाललाय का हे कळायला.

३. ६ मिमीचं बिट सरळ उभं धरून आरपार भोक पाडा. खालून टाकाऊ तुकडा दाबून धरा किंवा क्लॅम्पने आवळा. काटकोन बघायला जुनी सीडी चांगली. तिचं मधलं भोक खुणेवर ठेवा, तिच्यात बिटाचं प्रतिबिंब दिसतं. बिट आणि प्रतिबिंब एका रेषेत दिसलं की बिट उभं आहे. दोन बाजूंनी बघा, एका बाजूने बघितलेलं ड्रिल दुसऱ्या बाजूला नेहमी कललेलं असतं.

४. आता होल सॉ. पायलट दातांच्या पुढे किमान ८ मिमी आलेला असू द्या. पायलट आत शिरल्याशिवाय दात टेकता कामा नयेत. सनमायकावर पहिल्या आठ-दहा फेऱ्या ड्रिल उलट दिशेने, हळू फिरवा. दात कापत नाहीत पण खरवडतात, आणि सनमायकात स्वच्छ गोल चर उमटतो. मग सुलट दिशा. चर पडलेला असल्याने टवका उडायला जागा राहत नाही.

५. साइड हँडल लावून, दोन्ही हातांनी धरून, ड्रिलच्या वजनापेक्षा थोडाच जास्त दाब द्या. ४-५ मिमी आत गेल्यावर बाहेर काढा. चर भुशाने भरलेला दिसेल. हाच भुसा पुढे जळतो, दात बोथट होण्याआधी भुसाच दगा देतो. उपाय छोटा आहे: चराला लागून, मधल्या चकतीच्या बाजूला ६-८ मिमीची दोन भोकं आरपार पाडा, त्यांची कड चरात यावी अशी. भुसा तिथून खाली पडत राहतो आणि काम निम्म्या वेळात होतं. ही भोकं वर्तुळाच्या बाहेर जाऊ देऊ नका, एवढंच.

६. अर्ध्या जाडीपर्यंत, ९-१० मिमी गेलात की थांबा. आता खालून. ६ मिमीचं भोक आरपार आहेच, तोच मध्य. पायलट त्यात घाला आणि खालच्या बाजूने कापत या. यात मर्म असं आहे की दात आत शिरताना थराला त्याच्या मागच्या लाकडाचा आधार असतो. बाहेर पडताना मागे काहीच नसतं, म्हणून शेवटचा थर कापला न जाता उचकटतो. दोन्ही बाजूंनी आतच शिरलं तर बाहेर पडणं फळीच्या पोटात होतं, तिथे काही फाटलं तरी कोण बघतो! टेबल उलटवता येत नसेल तर खाली झोपून कापावं लागतं. तेव्हा गॉगल नसेल तर काम सुरूच करू नका.

७. चकती वाटीत अडकते. वाटीच्या अंगाला खाचा असतात, त्यातून स्क्रू-ड्रायव्हर घालून तिला आळीपाळीने पुढे ढकला. ड्रिलचा प्लग आधी काढा. चकती गरम असते आणि दात तर त्याहून.

८. एखाद्या पाइपच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून आतली कड घासा, आधी १२०, मग १८०. सनमायकाच्या कडेला पेपर वरून खाली न्या, खालून वर आणलात तर कड उचलली जाते. उघड्या प्लायला सीलर किंवा पाण्यात थोडा पातळ केलेला फेविकॉल एकदा लावा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत एमडीएफची उघडी कड फुगते, तिथे हे टाळू नये.

टेबलाची खालची बाजू गाठताच येत नसेल तर टाकाऊ प्लाय खालून क्लॅम्पने गच्च आवळा. 'धरला आहे' आणि 'आवळला आहे' यांत फरक आहे. मधे कागदभर फट राहिली तरी थर त्या फटीत उचकटतो.

ऑटो हिंजची ३५ मिमी खाच

हे भोक आरपार जात नाही आणि तेच त्याचं अवघडपण. खाचेत बसणाऱ्या हिंजच्या वाटीची खोली हिंजवरच मोजा. बहुतेकांना १२ ते १३ मिमी लागते. खाचेची कड दाराच्या कडेपासून ४-५ मिमी आत ठेवायची असते, म्हणजे मध्यबिंदू साधारण २२ मिमीवर. वरून आणि खालून मध्य सुमारे १०० मिमीवर घेतात.

फॉर्स्टनर बिटाची मधली सुई कापणाऱ्या तळापेक्षा तीन-साडेतीन मिमी पुढे असते. १८ मिमीच्या दाराला १२.५ मिमी खाच पाडली तर सुई १६ मिमीपर्यंत जाते, वाचलात. १६ मिमीच्या बोर्डात मात्र दाराच्या दर्शनी बाजूला फुगवटा किंवा चक्क ठिपका उठतो. अशा वेळी सुई कानशीने अर्धी करून घ्या. बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करणं बेभरवशाचं, भुसा साचला की टेप दिसत नाही. बिटाच्या दांड्यावर आवळायची कॉलर मिळते, ती घ्या. नाहीतर दर दोन-तीन फेऱ्यांनी मोजा.

बिट सुरुवातीला पळत असेल तर टाकाऊ प्लायमध्ये आधी ३५ मिमीचं भोक पाडून तो तुकडा दारावर क्लॅम्प करा. त्याच्या भिंती बिटाला पळू देत नाहीत. चार दारं असतील तर हाच तुकडा २२ मिमीच्या खुणेसकट साचा म्हणून वापरा, आठही खाचा एका रांगेत येतील.

मोठी भोकं

स्पीकरच्या खोक्याला १४५ मिमीचं भोक हवंय असं धरा. जिगसॉने करायचं तर वर्तुळाच्या आत १० मिमीचं भोक पाडून पातं त्यात सोडा. वळणासाठीचं अरुंद पातं घ्या (बॉशचं टी-१०१-एओ त्यासाठीच आहे), पेंड्युलमचा (पातं पुढे-मागे झुलवणारा) खटका शून्यावर ठेवा आणि रेषेच्या दीड-दोन मिमी आतून कापा. जाड लाकडात वळताना पातं खाली तिरकं होतं, वर गोल आणि तळाशी लंबगोल असं भोक मिळतं. आत ठेवलेले दोन मिमी घासून रेषेपर्यंत यायला कामी येतात.

राउटर आणि फिरत्या पट्टीने (एक टोक मध्यावर खिळ्याने रोवलेलं, दुसऱ्यावर राउटर) काम जास्त स्वच्छ होतं. पट्टीवरचं माप काढताना बिटाची जाडी विसरू नका. १४५ चा अर्धा ७२.५. बिट ६ मिमीचं असेल तर खिळ्यापासून बिटाच्या मध्यापर्यंत ७२.५ वजा ३, म्हणजे ६९.५ मिमी. चकतीच हवी असती तर ३ मिळवावे लागले असते. १८ मिमी एमडीएफला दर फेरीला ३-४ मिमी, म्हणजे पाच-सहा फेऱ्या.

शेवटच्या फेरीत चकती सुटते, आणि पट्टीचा खिळा त्याच चकतीत रोवलेला असतो. चकती हलली की बिट भिंतीत घुसतं. म्हणून आधीच खाली प्लाय ठेवून चकतीच्या भागाला दोन्हीकडून चिकटणारा टेप लावा. स्पीकर फळीच्या पातळीत बसवायचा असेल तर बाहेरची उथळ खाच आधी, आतलं भोक नंतर. उलटं केलंत तर मध्यच खाली पडून जातो आणि खिळा रोवायला जागा उरत नाही.

पत्रा

पातळ पत्र्यात साधं मोठं बिट घातलं की भोक त्रिकोणी येतं. बिटाचं टोक पलीकडे निघून गेलेलं असतं आणि कडा अजून पकडलेल्या नसतात, मधे बिटाला धरायला काहीच नाही. शिवाय पत्रा बिटावर चढून गरगर फिरतो आणि बोटं कापतो. पत्रा दोन लाकडांच्या मधे आवळा किंवा पायऱ्यापायऱ्यांचं स्टेप ड्रिल वापरा. ४ ते ३२ मिमीपर्यंत एकाच बिटाने होतं, आणि पुढची पायरी टेकवून आधीच्या भोकाची कडही साफ होते.

सेंटर पंचने खूण करा, आधी ३-४ मिमीचं बिट, मग पुढचं. लोखंडाला मशिन ऑइलचे थेंब, ॲल्युमिनियमला थोडं रॉकेल. स्टेनलेस सिंकला भोक पाडताना वेग कमी आणि दाब सलग. दाब कमी करून नुसतं घासत बसलात तर पृष्ठभाग कडक होतो आणि नंतर चांगलं बिटही घसरतं. जर दोन-चार भोकंच पाडायची असतील आणि माप ठरलेलं असेल, तर बोल्ट आवळून पत्रा कापणारा नॉकआउट पंच सगळ्यांत स्वच्छ. भोकाची कड कानशीने मोडल्याशिवाय त्यातून वायर ओढू नका.

टाइल आणि ग्रॅनाइट

नळाच्या किंवा स्विचच्या सरळ वर-खाली भिंतीत पाइप आणि वायर असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तिथे भोक पाडू नका.

व्हिट्रिफाइड टाइल आणि ग्रॅनाइटला डायमंड होल सॉ. त्याला दात नाहीत, तो कापत नाही, झिजवतो. म्हणून तीन गोष्टी: पाणी, मध्यम ते कमी वेग आणि धीर. याला बहुधा पायलट नसतो, त्यामुळे सुरुवातीला तो टाइलवर नाचतो. प्लायमध्ये त्याच मापाचं भोक पाडून तो तुकडा टाइलवर दाबून धरा. नाहीतर सॉ ४५ अंशात कलता टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडा आणि फिरता ठेवतच हळूहळू उभा करा.

दहा-पंधरा सेकंदांनी उचला, पाणी सोडा, पुन्हा टेका. निघणारं पाणी दुधाळ असेल तर सगळं ठीक. पांढरी पूड उडायला लागली की पाणी संपलंय. कोरडं चालवलं तर डायमंड एका टाइलमध्येच संपतो आणि ती पूड फुफ्फुसात जाते. ग्रॅनाइट आडवा असेल तर खुणेभोवती कणकेची किंवा पुट्टीची वर्तुळाकार पाळ करा आणि आत पाणी भरा. भिंतीवर दुसऱ्याने स्प्रेच्या बाटलीने बारीक फवारा द्यावा, ड्रिलच्या मोटरकडे नव्हे. बॅटरीचं ड्रिल असेल तर पाण्याच्या कामाला तेच काढा.

शेवटचे एक-दोन मिमी जवळजवळ दाब न देता. टाइल आरपार झाली की मागे सिमेंट आणि वीट लागते, तिथे डायमंड वाया घालवू नका. टाइलच्या भोकापेक्षा लहान मेसनरी बिट लावा आणि हॅमर आत्ता चालू करा. डायमंड कापेनासा झाला तर तो बहुधा संपलेला नसतो, गुळगुळीत झालेला असतो. ओल्या विटेत दोन-तीनदा फिरवला की दाणे पुन्हा उघडे पडतात.

एसीच्या पाइपचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी घरात येतं. टफन्ड काचेला कोणत्याही हत्याराने भोक पडत नाही, ती पूर्णच फुटते. आणि छपराच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ विषारी. तिथे ड्रिल लावूच नका.

टाकी आणि ॲक्रिलिक

प्लास्टिकच्या टाकीला भोक पाडायचं ते तिच्यावर मुद्दाम दिलेल्या सपाट जागी. वक्र भागावर वॉशर बसत नाही. पाणी भोकाच्या खाली उतरवा. एक इंची धातूच्या टँक निपलच्या (टाकीच्या भिंतीत बसणाऱ्या जोडाच्या) आट्यांचा व्यास ३३.२ मिमी असतो, त्याला ३५ चा होल सॉ बरोबर. प्लास्टिकचा निपल जाड असतो, तो मोजा. लाकडाचाच होल सॉ, हळू. आतली झालर ब्लेडने साफ करा, कारण गळती भोकातून होत नाही, वॉशरखाली राहिलेल्या त्या झालरीमुळे होते. सिलिकॉन किंवा एम-सील लावून ती थांबत नाही. टाकी पॉलिथिलीनची आहे, तिला काहीच धड चिकटत नाही. टाकीत पडलेली चकती आणि कीस बाहेर काढायला विसरू नका, तो कीस थेट खालच्या नळांच्या जाळीत जाऊन बसतो.

ॲक्रिलिकवरचा कागद किंवा फिल्म काढू नका. खाली प्लाय आवळा, साबणाचं पाणी सोडा, हळू चालवा आणि वारंवार थांबा. कड वितळून पुन्हा चिकटायला लागली म्हणजे वेग जास्त आहे. तडा जातो तो नेहमी बाहेर पडताना, म्हणून इथेही दोन्ही बाजूंनी कापा. भोकाची कड पुसायला थिनर किंवा स्पिरिट वापरू नका, दोन दिवसांनी कडेभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात.

चुकलेलं भोक

भोक एक-दीड मिमीने लहान पडलं तर अर्धगोल कानस किंवा पाइपला गुंडाळलेला पॉलिश पेपर. पाच-दहा मिमीने मोठं करायचं असेल तर होल सॉच्या पायलटला टेकायला मध्यच नसतो आणि सॉ जागेवरून पळतो. टाकाऊ १२ मिमी प्लायमध्ये नव्या मापाचं भोक पाडा, तो तुकडा खुणेवर बरोबर बसवून दोन क्लॅम्पनी आवळा आणि त्याच होल सॉने, पायलट काढून, त्या भोकातून खाली कापा.

भोक चुकीच्या जागी पडलं असेल तर बुजवावं लागतं. त्यासाठी आतून निघालेली चकती कामाची नाही. दातांची जाडी दोन्हीकडून गेल्याने ६० च्या होल सॉची चकती ५६ मिमीच्या आसपास भरते. ६० चं भोक बुजवायला ६४ च्या होल सॉने त्याच प्लायमधून चकती काढा, कड घासत घासत घट्ट बसेल इतकी आणा आणि फेविकॉल लावून हातोडीने आत ठोका. तिच्या मधलं पायलटचं भोक गोल काडी ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या, मग वरून घासा आणि त्यावर सनमायकाचा किंवा व्हिनियरचा तुकडा.